मदत हवी आहे: रिस्पॉन्स हेल्परमुळे पेजिंग गायब, तारीख एक दिवस मागे (लाराव्हेल)

गोरेगाव_पूर्व: नमस्कार मंडळी. मुंबईतल्या सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं ॲप आहे. सर्व्हरवर लाराव्हेल १० (पीएचपीचं फ्रेमवर्क), पुढे अँड्रॉइड आणि रिॲक्ट. सर्व्हरची सगळी उत्तरं (रिस्पॉन्स) एकाच हेल्पर फंक्शनमधून जातात: 'सक्सेस', 'मेसेज', 'डेटा' या तीन कीज, एचटीटीपी स्टेटस कायम २०० (म्हणजे 'यशस्वी').

बिलांचं रिसोर्स कलेक्शन (जेसनसाठी तयार केलेली यादी) हेल्परला दिलं की यादी येते, पण एकूण पानं किती ते येत नाही. पॅजिनेटर (यादीची पानं पाडणारा ऑब्जेक्ट) तसाच दिला तर 'डेटा'च्या आत परत 'डेटा'. थकबाकीदार फ्लॅटची यादी कधी ॲरे म्हणून येते, कधी ऑब्जेक्ट म्हणून, आणि अँड्रॉइड तिथे क्रॅश होतं. शिवाय १ एप्रिलचं बिल ३१ मार्चचं दिसतंय, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! टाइमझोन एशिया/कोलकाता आहे, तपासलाय. जुनी ॲप्स लोकांच्या फोनवर आहेत, त्यामुळे कीजची नावं बदलता येणार नाहीत.

डबल_फास्ट: तारखेचं आधी सांगतो. टाइमझोन बरोबर आहे म्हणूनच हे होतंय. लाराव्हेल ७ पासून मॉडेलमधल्या तारखा जेसनमध्ये यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जातात. १ एप्रिलची आपली मध्यरात्र म्हणजे तिकडे ३१ मार्च, १८:३०. क्लायंट पहिली दहा अक्षरं कापून दाखवत असणार. बिलाच्या तारखेला वेळ नसतेच, तेव्हा मॉडेलच्या कास्टमध्ये (फील्डचा प्रकार ठरवतो तिथे) नुसतं 'डेट' न ठेवता 'डेट', कोलन आणि वाय-एम-डी फॉरमॅट द्या. पैसे भरल्याची वेळ मात्र यूटीसीतच राहू द्या, ती फोनवर बदलून दाखवा. हेल्परमध्ये सरसकट साडेपाच तास मिळवायचा मोह टाळा, पेमेंटच्या वेळाही बिघडतील.

यादीचं कारण वेगळं. कलेक्शनचं फिल्टर मूळ कीज (ओळींचे क्रमांक) तशाच ठेवतं. पहिला फ्लॅट गळला की कीज १, ४, ७ अशा उरतात आणि पीएचपी त्याचा ऑब्जेक्ट करतं. शेवटचे फ्लॅट गळले तर कीज ०पासून सलग राहतात, म्हणून ॲरे. फिल्टरच्या पुढे व्हॅल्यूज मेथड लावा, म्हणजे क्रमांक ०पासून नव्याने पडतील, संपलं.

गोरेगाव_पूर्व: आणि फ्लॅटच्या पार्किंगचा तपशील रिकामा असला की ऑब्जेक्टऐवजी ॲरे येतो, तेही तेच का?

डबल_फास्ट: नाही, ते उलटं. रिकाम्या पीएचपी ॲरेचा जेसनमध्ये कायम चौकटी कंस, म्हणजे ॲरेच होतो. तिथे एसटीडीक्लासचा (पीएचपीचा साधा ऑब्जेक्ट) रिकामा ऑब्जेक्ट द्या, नाहीतर नल. फोर्स ऑब्जेक्टचा फ्लॅग लावू नका, बाकीच्या सगळ्या याद्याही ऑब्जेक्ट होतील.

कॉटनग्रीन: पेजिंगबद्दल. रिसोर्स कलेक्शन दुसऱ्या ॲरेत कोंबलं की त्यातून फक्त ओळी निघतात. 'मेटा' आणि 'लिंक्स' (पानांची माहिती) तेव्हाच जोडले जातात, जेव्हा कलेक्शन स्वतःच रिस्पॉन्स म्हणून परत जातं. तेव्हा यादीसाठी हेल्पर वापरू नका. कलेक्शन थेट रिटर्न करा आणि त्यावर 'ॲडिशनल' मेथडने 'सक्सेस' आणि 'मेसेज' जोडा. 'डेटा' लाराव्हेल स्वतःच घालतं, त्यामुळे जुन्या ॲपला फरक कळणार नाही, 'मेटा' आणि 'लिंक्स' फक्त नव्याने दिसतील.

खरं दुखणं कायमच्या २००चं आहे, माझ्या मते. ॲक्सिओस (रिॲक्टकडून विनंत्या पाठवणारी लायब्ररी) दोनशेच्या घरातलं उत्तर यशस्वी धरतं, त्यामुळे चूक पकडणारा कॅच कधी चालतच नाही आणि मॉनिटरिंगला सगळं हिरवं दिसतं. पण लगेच बदललात तर जुनं अँड्रॉइड एरर बॉडी वाचणारच नाही. नवे रूट व्ही२ (दुसरी आवृत्ती) खाली काढा, तिथे व्हॅलिडेशन (माहितीची तपासणी) फसल्यास ४२२, न सापडल्यास ४०४ द्या.

गोरेगाव_पूर्व: तारीख आणि यादी दोन्ही सुटल्या, आभार. व्ही२ करून पाहिलं, पण पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायचं साधन) ४२२ऐवजी होमपेजचं एचटीएमएल येतंय.

कॉटनग्रीन: 'ॲक्सेप्ट' हेडर जात नसणार. ॲप्लिकेशन/जेसन मागितलं नाही तर व्हॅलिडेशन फसल्यावर लाराव्हेल ३०२ (दुसरीकडे वळवा) देऊन मागच्या पानावर पाठवतं; पोस्टमनला मागचं पान नसतं, म्हणून होमपेज. एपीआय ग्रुपच्या सुरुवातीला हेडर बसवणारं मिडलवेअर लावा, क्लायंटच्या भरवशावर राहू नका.