मदत हवी आहे : कुंड्यांतल्या भाजीपाल्यासाठी माती कोणती घ्यावी?
नमस्कार. पुण्यात आमच्या गच्चीवर १२ इंची कुंड्यांत मिरची, टोमॅटो व कोथिंबीर लावण्यासाठी मी गावाकडच्या शेतातली काळी माती आणली होती. परंतु पाणी दिले की ती चिकट होऊन निचरा थांबतो आणि सुकल्यावर भेगा पडून पाणी कडेने खाली निघून जाते, त्यामुळे मिरचीची मुळे कुजली. (कोथिंबीर कशीबशी तग धरून आहे.) आता लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळण्याचा विचार आहे. मात्र कोकोपीट पावसाळ्यात ओलावा फार धरून ठेवते, म्हणून ते कमी करून भाताचे तूस घालावे का? जुनी काळी माती टाकून देणेही जिवावर येते. ती नव्या मिश्रणात किती प्रमाणात चालेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.