२५० बीएचपी, फ्रंट व्हील ड्राइव्ह: टिकतील आणि पकडतीलही असे टायर कोणते?

टर्बोप्रेमी
२ लिटर टर्बो, साधारण २५० बीएचपी, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) साधाच, एलएसडी (एक चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल) नाही. टायर २२५/४५ आर १७ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की पुढची चाकं जागेवरच फिरतात, ओल्या रस्त्यावर तर तिसऱ्यातही. पुढचे टायर मागच्यांच्या निम्म्या अंतरात संपतात, त्यातही आतली कड आधी गोटा होते. गाडी ट्रॅकवर जात नाही. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा आकडा, जास्त म्हणजे टिकाऊ) ५०० चे घ्यावेत की २०० चे? २३५/४० आर १८ केल्यानं पकड वाढेल का? आणि पुढचे दोनच बदलले तर चालतील?

रबर_आणि_रस्ता
दोन्ही नकोत. २०० च्या वर्गातले बरेचसे टायर ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. कोरड्यात अफाट पकड, पण नक्षी उथळ आणि खाचा कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यात गाडी लवकर तरंगते. ५०० चं रबर कडक. इतका टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पुढच्या दोन चाकांवर आला की ते घसरतं, आणि घसरणारा टायर टिकत नाही. म्हणजे ज्यासाठी घेतला तेच हातचं जातं. ३०० ते ३४० च्या आसपासचे समर परफॉर्मन्स टायर बघा. मिशलिन पायलट स्पोर्ट ५ आणि गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ दोन्ही तुमच्या मापात मिळतात. मात्र पारा ७ अंशांखाली राहत असेल तर समर रबर कडक पडतं, तिथे हा सल्ला लागू नाही.

ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक, दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर विसंबू नका. युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी ए असावी, पण ती फक्त ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगची आहे. साचलेल्या पाण्याबद्दल ती काही सांगत नाही.

टो_कॅम्बर
आतली कड जातेय तोवर नवे टायर बसवूच नका, तेही तसेच जातील. नक्षीवरून आडवा हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं धारदार लागलं तर टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडलाय. दोन्ही दिशांनी गुळगुळीत पण कड झिजलेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) जास्त आहे. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल तर हे हमखास होतं.

अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्मचा (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) मागचा बुश (रबरी सांधा), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासून घ्या. बुश सैल असेल तर मशीनवर आकडे हिरवे (म्हणजे मर्यादेत) दिसतात, पण ॲक्सिलरेटर दाबला की आर्म सरकतो आणि टो बदलतो. टॉर्क स्टिअरही (जोर देताना स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जाणं) त्यानं वाढतो. टो कारखान्याच्या मर्यादेत, शक्य तितका शून्याजवळ ठेवायला सांगा आणि आधीची-नंतरची प्रिंट मागून घ्या.

चारचाकी_गणित
२२५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६३४ मिमी, २३५/४० आर १८ चा ६४५, म्हणजे १.७ टक्के मोठा. स्पीडोमीटर कमी दाखवेल, चाकही बहुधा जड होईल. १८ इंच हवंच असेल तर २२५/४० आर १८ (६३७ मिमी) जवळ बसतं. पण १० मिमी रुंदीपेक्षा रबराचा फरक कितीतरी मोठा असतो, पैसे तिकडे घाला. लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) दाराजवळच्या पट्टीवर दिलाय त्याखाली जाऊ देऊ नका: ९१ म्हणजे ६१५ किलो, एक्सएल (जास्त भार पेलणारा) ९४ म्हणजे ६७०.

दोनच घेतले तर नवे पुढेच हवेत. जोर तिथेच लागतो ना?

रबर_आणि_रस्ता
नाही, नवी जोडी मागे. पाण्यात पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेकदा सावरते. मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते आणि ते सावरणं फार कठीण. एलएसडी नसल्यामुळे पुढे थोडी चाकं फिरतील, तेवढं उजव्या पायानं सांभाळा.

खरं तर दोन-दोन घेण्याची वेळच येऊ देऊ नका. दर ८,००० किमीला अदलाबदल करा: पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. दिशादर्शक बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे. तुमच्याकडे आता पुढचे-मागचे खूप वेगळे झिजलेत, तेव्हा यावेळी चारही एकदम घ्या, मग हे चक्र सुरू करा. घेताना टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे ४ अंक बघा, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. हवा थंड टायरमध्येच मोजा. तापमान १० अंशांनी बदललं तर साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो.