साईट सस्पेंड झाली, कंपनीकडे बॅकअप नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचा ठेवा कसा वाचवू?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

माझे बाबा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवायचे. भाऊबीजेपासून मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की होळीपर्यंत ते घरी फक्त कपडे बदलायला यायचे. नाटकांची पत्रकं, पदांच्या वह्या, वडशाच्या नाटक कंपन्यांचे फोटो, सगळं एका लोखंडी पेटीत होतं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा घरात शिरली आणि पेटीत गाळ भरला. चौथा हिस्सा कागद हाती लागला. तो वाळवला, स्कॅन केला आणि वेबसाईट काढली. वाटलं, आता तरी पुराचं भय नाही.

गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. शटर पाडल्यावर तिथेच बसून काम करतो. चार सीझन नाटकांमागे फिरलो, लोकांनी घरातली जुनी पत्रकं आणून दिली. साईटवर १४ हजारांच्या आसपास फोटो आणि ६३ जुन्या कलावंतांच्या मुलाखती आहेत. मुलाखती मी थेट साईटवरच टाईप करायचो, वेगळी फाईल ठेवली नाही. त्यांपैकी ९ जण आता हयात नाहीत.

मागच्या सोमवारी साईट उघडली तर जुगाराच्या जाहिराती दिसल्या. होस्टिंग कंपनीला कळवलं, त्यांनी खातं सस्पेंड केलं. बॅकअप मागितला तर म्हणतात, तुमच्या फाईल एक लाखाच्या वर गेल्या म्हणून खातं रोजच्या बॅकअपमधून वगळलं होतं. प्लॅन घेताना अनलिमिटेड लिहिलं होतं. १४ हजार फोटोंच्या लाख फाईल झाल्या कशा?

माझ्याकडे पेनड्राईव्हवर १४ महिन्यांपूर्वीची कॉपी आहे. त्यानंतरच्या १७ मुलाखती कुठेच नाहीत. त्या परत मिळतील का? पुढे होस्टिंग कोणतं घेऊ? आणि दुकानात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला २ जीबी मिळतं, साईट आहे ३० जीबीची. मग बॅकअप घ्यायचा तरी कसा?

पांढरीमाती (वणी)

भाऊ, पयले घाबरू नोका. सस्पेंड म्हंजे डिलीट नाई. खातं बंद केलं तरी सामान बहुतेक त्याइच्या सर्व्हरवर पडून रायते. पन दिवस मोजून रायते, म्हून आजच लेखी कळवा का मी परवानगी देईपर्यंत काहीच पुसू नोका. फोनवर नोका बोलू, तिकीट टाका, त्याचा नंबर लिहून ठेवा.

मंग फक्त डेटाबेस मांगा, म्हंजे साईटचं लिखान जिथं साठते ते. त्याची एसक्यूएल फाईल भेटते. तुमच्या मुलाखती फोटोच्या फोल्डरमंदी नाई, डेटाबेसमंदी हायेत. जुगारवाले बहुतेक वेळा पीएचपी फाईलींत (साईट चालवनाऱ्या कोडमंदी) घुसते, लिखान तसंच रायते. आन तेवढ्यात वेबॅक मशीनवर आपल्या साईटचा पत्ता टाकून पाहा, तिथं जुन्या साईटींच्या प्रती जपून ठेवते. एखाद दुसरी मुलाखत तिथंबी सापडू शकते.

मूलचा (गाव मूल, नोकरी नागपुरात)

दादा, वरच्या भाऊंनी सांगितलं ते आधी करा, माझं नंतर वाचा. लहानपणी मंडईच्या थंडीत आईच्या शालीत बसून रातभर नाटक पाहिलेला मी माणूस आहे. तुमच्या साईटवर माझ्या मामाच्या गावचं पत्रक पाहिलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

लाख फाईल अशा होतात: तुम्ही एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस, म्हणजे तुमची साईट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, त्याच्या लहानमोठ्या सहा-सात प्रती स्वतः बनवून ठेवतं. मूळ धरून आठ. १४ हजार गुणिले आठ म्हणजे १ लाख १२ हजार. जागा अनलिमिटेड असली तरी फाईलींच्या संख्येवर मर्यादा असते. तिला आयनोड लिमिट म्हणतात, आणि ती अटींच्या पानावर खाली कुठेतरी असते. नवीन होस्टिंग घेताना हा आकडा आधी विचारा. त्यापुढे गेल्यावर बॅकअप बंद होतो का, हेही विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

पण कंपनीने रोज बॅकअप घेतला असता तरी तो तुमचा नव्हता. तो त्याच कंपनीकडे, कदाचित त्याच इमारतीत असता. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांचं सगळं गेलं. तुमच्या बाबांच्या पेटीचंही तेच झालं. वही आणि वहीची नक्कल एकाच पेटीत असती तर पुराने दोन्ही नेली असती.

आता तुमच्या २ जीबीचं. सगळी साईट रोज उतरवायची गरजच नाही. डेटाबेस तुमच्यासारख्या साईटचा झिप करून काही एमबी भरेल. तो रोज घ्या. अपड्राफ्टप्लस हे प्लगिन फुकट आहे, डेटाबेससाठी आणि फाईलींसाठी वेगवेगळं वेळापत्रक लावता येतं, आणि ते थेट गुगल ड्राईव्हवर पाठवतं. म्हणजे तुमच्या हॉटस्पॉटचा एक थेंबही खर्च नाही. फोटो मात्र त्यातून वगळा, ३० जीबीला ड्राईव्हचे फुकटचे १५ जीबी पुरणार नाहीत.

फोटोंसाठी अपलोड्सचं फोल्डर उघडून पाहा. वर्डप्रेस तिथे वर्ष आणि महिन्याप्रमाणे खाने पाडतं. नवीन फोटो त्या महिन्याच्या खान्यात पडतात, जुन्या खान्यांना हात लागत नाही. तुमचा सीझन दिवाळी ते होळी. म्हणजे फाईलझिला (सर्व्हरवरून फाईली उतरवायचं सॉफ्टवेअर) लावून वर्षातून पाच-सहा वेळा, फक्त त्या महिन्याचं फोल्डर उतरवायचं. एकदाच काय ते सगळं आणा, नागपूरला आलात तर माझ्या ऑफिसच्या लाईनवर एका दुपारी होईल.

होस्टिंगचं म्हणाल तर व्हीपीएसच्या, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या सर्व्हरच्या, नादी लागू नका. ते स्वस्त दिसतं, पण सर्व्हरची राखण आपल्यालाच करावी लागते आणि तुमच्या रात्री मुलाखतींसाठी हव्यात. साधं शेअर्ड चालेल, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साईट. मी विचारीन ते असं: सीपॅनलमधून (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून) पूर्ण बॅकअप स्वतः उतरवता येतो का? दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल? पहिल्या वर्षाचा भाव बहुतेकदा बोलावण्यापुरता असतो. सर्व्हर मुंबईत असेल तर गडचिरोलीच्या वाचकाला अमेरिकेपेक्षा लवकर उघडेल, पण त्याआधी फोटो हलके करा, त्याने जास्त फरक पडेल.

आणि डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? आज रात्रीच पाहा.

बचतगट_आर्णी (जि. यवतमाळ)

दादा, एक माझ्या अनुभवातलं. आमच्या महिला गटाची साईट दुसरीकडे हलवली तेव्हा बॅकअप होता, नीट चढवलाही, आणि सगळ्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली. पाच वर्षांचे हिशेब, पापडाच्या पाककृती, सगळी प्रश्नचिन्हं. डेटाबेस उतरवतानाच अक्षरसंच चुकीचा होता. प्रश्नचिन्हं एकदा फाईलीतच बसली की त्यातून अक्षर परत येत नाही. मी चार दिवस रडले. मग पुन्हा टाईप केलं.

म्हणून एसक्यूएल फाईल हातात आली की आधी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा आणि एखाद्या कलावंताचं नाव शोधा. मराठीत दिसलं तर जिंकलात. चढवताना यूटीएफएटएमबीफोर (utf8mb4) हा अक्षरसंच निवडा. फोटोंच्या फाईलींना मराठी नावं दिली असतील तर झिपमध्ये ती मोडू शकतात, तेही तपासा. आणि तुम्ही त्या मुलाखती वाचवाच, माझी आजी लावणी म्हणायची, तिचं काहीच कोणी लिहून ठेवलं नाही.

मूलचा

ताईंचं म्हणणं लाखमोलाचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या मोठ्या कंपनीच्या माणसाकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा लावलेल्या होत्या, ऐन वेळी एकही धड कामाची निघाली नाही. कोणाकडे तरी सहा तासांपूर्वीची एक प्रत होती म्हणून वाचले. दादा, लॅपटॉपवर झॅम्प (XAMPP, लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि बॅकअप तिथे उभा करून पाहा. हॉटस्पॉट लागत नाही, घरातल्या घरात होतं.

वैनगंगाकाठ

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा. वेबॅक मशीनवर तीन मुलाखती मिळाल्या. कंपनीने तिसऱ्या तिकिटाला डेटाबेस दिला, झिप ११ एमबी. काल रात्री नोटपॅडमध्ये उघडला. हात कापत होता. पहिलं नाव शोधलं ते मागच्या पावसाळ्यात गेलेल्या एका खडी गंमत (आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार) करणाऱ्या आजोबांचं. मराठीत आलं.

झॅम्पवर चढवला. सतराच्या सतरा मुलाखती आहेत. ॲडमिनच्या यादीत दोन अनोळखी नावं होती, ती काढली, पासवर्ड सगळे बदलले. जुन्या पीएचपी फाईली आणणार नाही, वर्डप्रेस कोरं टाकतो.

डोमेन ज्या पोराने साईट बनवून दिली त्याच्या नावावर निघालं. तो आता पुण्यात आहे, भला आहे, लगेच माझ्या नावावर करायला तयार झाला. पण चार वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

हार्डडिस्क दोन घेतल्या. एक दुकानात, एक ब्रह्मपुरीला बहिणीकडे.

पांढरीमाती

भाऊ, बहिनीचं घर नदीपासून किती दूर हाये? आन दुकानातली डिस्क काम झालं का काढून ठेवत जा. लावून ठेवली तर वीज पडली तरी जाते, व्हायरस आला तरी जाते.

वैनगंगाकाठ

तिचं घर उंचावर आहे, २०२० ला आम्ही आठ दिवस तिच्याचकडे होतो. डिस्क काढून ठेवतो. मूलच्या भाऊ, येत्या शनिवारी नागपूरला येतो फोटोंसाठी, चालेल का?

मूलचा

या दादा. अकराच्या आत या, मग लाईन मोकळी असते. आणि त्या आजोबांची मुलाखत सोबत आणा, मला वाचायची आहे.