अनुभव: कोणी दुखावलं, बोलणं तुटलं, मग काय केलंत? (गोव्यातली ख्रिस्ती घरं)

नगरकरीण_बार्देशात: आमच्या वाड्यावर सध्या सायबीण (मारिया मातेची मूर्ती) घरोघर फिरतेय, त्यावरून आठवलं. लग्न होऊन नगरहून आले त्या वर्षी जाऊबाईंशी अबोला होता. निमित्त पंपाचं बिल, खरं कारण घराच्या वाटण्या. रीत अशी की तेर्स (रोझरीची प्रार्थना) झाला की दुसऱ्या दिवशी सायबीण पुढच्या घरी आपणच पोचवायची. पुढचं घर जाऊबाईंचं! सासूबाई म्हणाल्या, "मूर्ती दारात ठेवून पळून येणार आहेस?"
फादरनी मत्तय 18:15 काढून दिलं. आधी एकटीने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, त्यानंतर. आपल्याकडे आधी अख्खा वाडा, मग फादर, आणि जिच्याशी भांडण तिला सगळ्यात शेवटी कळतं.
मागच्या दाराने गेले. जाऊबाई आदोळीवर (विळीवर) नारळ खवत होती, बस म्हणाली नाही. मला काय लागलं ते सांगितलं. तिची यादी माझ्यापेक्षा लांब निघाली. गळ्यात पडून रडलो वगैरे काही नाही, पण सायबीण दोघींनी मिळून आत नेली. तुमचंही लिहा.

पाव_आणि_चहा: मिसेत (चर्चच्या प्रार्थनेत) एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की आमचे काका छताकडे बघून हात जोडतात 😄 कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं काम, चालू आहे. इथल्या कायद्यात लग्न झालेल्या मुलींचाही वाटा, वर जावयांच्या सह्या. एक जावई रुसला की फाईल अडली.

दिचोलीची: मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? म्हापशाच्या चर्चची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई देवी बहिणी, हे आजी सांगायची. दोघींकडून तेल-फुलांची देवाणघेवाण व्हायची म्हणे. आमच्या दोन आत्या मात्र एका ताटातलं खात नाहीत.

नाव_नको: सगळ्यांचं छान चाललंय, म्हणून लिहू की नको झालं होतं. नवरा हात उचलायचा. प्रार्थनेला येणाऱ्या बायका "सत्तर वेळा सात" क्षमा कर, हे मत्तय 18 मधलं ऐकवायच्या. एका सिस्टरनीच विचारलं, त्याच अध्यायात एक-दोघांना घेऊन जा, मंडळीला सांग असंही आहे ना, मग तू गप्प का? क्षमेचं नंतर बघू, आधी माहेरी जा. गेले. क्षमा अजून जमलेली नाही. झोप लागते.

नगरकरीण_बार्देशात: @नाव_नको बरं केलंस गं लिहिलंस. माझं भांडण बरोबरीचं होतं, तुझं नव्हतं. एकटीने जा हे तुझ्यासाठी नाहीच. व्यनि (खासगी निरोप) करते.

पाव_आणि_चहा: @नाव_नको त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

तारवट्याची_बायको: नवरा जहाजावर. इफिस 4:26 म्हणतं सूर्य मावळायच्या आत राग सोडा. कुठला सूर्य, इथला की तिथला? परवा भांडणाच्या मध्येच त्याची रेंज गेली. माझं वाक्य अर्धंच राहिलं, ते मी कुकरला ऐकवलं.

दिचोलीची: 😂😂 कुकर काय म्हणाला?

तारवट्याची_बायको: तीन शिट्ट्या. बरं, नगरकरीण, जाऊबाई नारळ खवत होत्या तो सान्नांसाठी (इडलीसारख्या) की दोदोलसाठी (नारळ-गुळाची मिठाई)? माझ्या सान्नां फुगत नाहीत. आंबवायला सूर (ताडी) मिळत नाही, यीस्ट किती घालू?

नगरकरीण_बार्देशात: दोदोल. सान्नांचं तिलाच विचारून सांगते, संध्याकाळी येणार आहे.