मदत हवी आहे : सायकलवर पहिलं २०० किलोमीटर कोणत्या रस्त्यावर करू? सोलापूर रोड, फलटण की पाचगणी?

नमस्कार. वय ४७, राहते धायरीला, चार वर्षं नियमित सायकल चालवते. गेल्या मार्चमध्ये २०० किलोमीटरच्या बीआरएमला पहिल्यांदा उतरले आणि १८ मिनिटांनी वेळ हुकली. आता पुन्हा उतरायचंय आणि मला समोर तीन रस्ते दिसताहेत. अनुभवी मंडळींचं मत हवंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, ही शर्यत नसते. २०० ला साडेतेरा तास मिळतात, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिला आला काय नि शेवटचा काय, नोंद सारखीच.

मार्चमधला रस्ता होता सोलापूर हायवे, भिगवणपर्यंत जाऊन परत. सगळ्यांनी सांगितलं, पहिलं २०० सपाट रस्त्यावर कर. पहाटे सहाला निघालो, भिगवणला ११:१० ला पोचले. तिथलं कंट्रोल १२:४० ला बंद होणार होतं, म्हणजे दीड तास हातात. अर्धा तास जेवले आणि परत फिरले. कुरकुंभच्या आधीच समोरून वारा सुरू झाला तो थेट हडपसरपर्यंत. चौफुल्याला लोक चहा पीत गप्पा मारत बसले होते आणि मला सायकलवरून उतरायची भीती वाटत होती, पुन्हा चढवेल का याची. उताराचा भासही नाही, झाडाची सावली नाही, नजर टाकावी तिथे तोच सरळ रस्ता. परतीच्या १०० ला आठ तास आठ मिनिटं लागली. संपवलं तेव्हा ७:४८ झाले होते. मुलगा न्यायला आला होता, त्याला बघून रडू आवरलं नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. सिंहगड घाट मी महिन्यातून दोनदा चढते. सव्वा तासाच्या वर लागतो, धाप लागते, पण वर पोचलं की संपतं, आणि उतरताना पाय मोकळे होतात. घाटात मधेच पेडलवर उभं राहता येतं, बसण्याची जागा बदलते. वाऱ्यात तसं काही नाही. त्यामुळे वाटतं, माझ्यासारखीला घाटच जास्त सोसतील का?

पर्याय असे :
डिसेंबरमध्ये पाचगणी. जुना कात्रज, खंबाटकी, वाई आणि मग पसरणी घाट.
जानेवारीत फलटण. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद. माउलींच्या पालखीचाच रस्ता. पण जेजुरीपुढे उघडं माळरान आहे, तिथल्या वाऱ्याची धास्ती वाटते.
फेब्रुवारीअखेर पुन्हा भिगवण.

सायकल रोडबाइक, पुढच्या चकत्या ५० आणि ३४ दात्यांच्या, मागची कॅसेट (चकत्यांचा संच) ११ ते २८ दात्यांची. सिंहगडावर सगळ्यात हलक्या गिअरवरही पायांचे मिनिटाला ४५ च फेरे होतात. उजवा गुडघा दुसऱ्या दिवशी बोलतो. कॅसेट बदलावी का, तेही सांगा.

<b>प्रतिसाद १</b>

ताई, तुम्ही हरला नाहीत, वेळेचं गणित चुकलं. मार्च ते मे आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. भिगवणचा रस्ता सकाळी पूर्वेला जातो आणि दुपारी तुम्हाला नेमका त्या वाऱ्याच्या तोंडी परत आणतो. ताशी २० ने जाताना समोरून १५ चा वारा असेल तर अंगावर ३५ चा वारा येतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वारा नसतानाच्या तिप्पट.

आता पसरणी बघा. वाईपासून पाचगणी साधारण १२ किलोमीटर. ताशी ८ ने चढलात तर दीड तास, ३० ने उतरलात तर २४ मिनिटं. लागणाऱ्या सरासरी १५ च्या हिशोबात १८ मिनिटंच मागे पडता. मार्चमध्ये परतीला तुमची सरासरी १२.३ होती, त्यात तब्बल ८८ मिनिटं गेली.

पण पाचगणी म्हणजे एकटा पसरणी नव्हे. कात्रज आणि खंबाटकी येताजाता दोन्ही वेळा आहेत, आणि गुडघा बोलतोय म्हणता. त्यामुळे पहिल्यासाठी मी फलटण घेईन. जानेवारीत वारा एरवी मंद असतो, दिवे घाट सकाळच्या थंडीत, ताज्या पायांनी चढाल. फक्त परतताना घाट अंधारात उतरावा लागेल, सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पुढचा दिवा चांगला घ्या, ब्रेक पॅड बदलून घ्या.

कॅसेट ११-३४ करा. त्याच वेगाला ४५ ऐवजी ५५ फेरे होतील, गुडघ्यावरचा जोर उतरेल. घेण्याआधी दुकानात तुमचा रिअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) दाखवा, आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला ३४ पेलत नाही. चेनही लांब लागेल.

<b>प्रतिसाद २</b>

मी पाचगणीच म्हणेन. घाट आवडतात तर आवडीचा रस्ता घ्यावा, कंटाळा आला की माणूस लवकर थकतो. खंबाटकीला परत येताना बोगदा आहे, तिथे मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव जॅकेट दिवसाही चालू-अंगावर असू द्या. आणि कुठलाही रस्ता घ्या, वाऱ्यात एकटं जाऊ नका. बीआरएमला घोळक्याने जायला मनाई नाही. चार जणांनी आलटून पालटून पुढे राहिलं की मागच्याला खूप आराम मिळतो.

<b>धागाकर्ती</b>

दोघांचे मनापासून आभार. मार्चमध्ये मी पूर्ण रस्ता एकटी होते, मला वाटायचं दुसऱ्याच्या मागे राहणं म्हणजे फसवणूक. फलटणचं नाव नोंदवते. त्याआधी येत्या रविवारी दिवे घाट ते जेजुरी आणि परत, मुद्दाम उशिरा निघून, म्हणजे परतीला दुपारचा वारा मिळेल. कोथरूड-धायरीकडून कुणी येणार असेल तर सांगा, माझा वेग सपाटीला २० च्या आसपास आहे. आणि लोणंदच्या पुढे दुपारी जेवायला बसता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का?