हँडेलचा ‘मेसाया’: एकच गाणं दोन रेकॉर्डिंगमध्ये दोन पट्ट्यांत का?

पेटीवाली (खानापूर)

नमस्कार. मी गेली तीस वर्षं आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. पाश्चात्त्य संगीताशी माझा कधी संबंध आला नव्हता. माझी नात बेळगावला कॅम्पातल्या शाळेत आहे. नाताळच्या कार्यक्रमाला त्यांच्या वर्गानं हँडेल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या ‘मेसाया’तलं, म्हणजे येशूवरच्या मोठ्या गायनरचनेतलं, ‘हालेलुया’ हे समूहगान बसवायला घेतलंय. ही ऑल्टोत आहे, म्हणजे मुलींमधला खालचा आवाज. शनिवारी घरी आली की आपली तेवढी ओळ घोकत बसते. एकटी ऐकली तर ती ओळ अर्धवट वाटते, चाल अशी लागतच नाही. पोरगी हिरमुसली आहे, “आज्जी, गाणं सगळं दुसऱ्यांकडंच आहे.”

म्हणून मोबाईलवर पूर्ण गाणं शोधलं. दोन रेकॉर्डिंगं मिळाली. एक सर टॉमस बीचम या संगीत संचालकांचं १९५९ चं, दुसरं ख्रिस्तोफर हॉगवूड या संचालकांचं १९८० चं. बीचमच्यात केवढा मोठा मेळ, आणि वर झांजा! सप्ताहात शेवटच्या गजराला टाळ कसे चढतात, तसं अंगावर येतं. हॉगवूडचं हलकं, भराभर चालणारं, सगळे आवाज वेगवेगळे दिसतात.

पेटी जवळच होती, सूर लावून बघितला. बीचमचं पांढरी दोनवर बरोबर बसतं. हॉगवूडचं काही केल्या बसेना. काळी एक धरली तेव्हा जुळलं. आधी वाटलं मोबाईलचाच दोष, पूर्वी टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला की सूर उतरायचा तसा. तीनदा लावून बघितलं. अर्धा सूर खाली आहे तो आहेच.

असं का? आणि नातीला यातलं कुठलं ऐकवू?

कॅम्पातला बेस

ताई, तुमचा कान एकदम बरोबर आहे. मी बावीस वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या समूहात, बेस म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात खालच्या आवाजात गातोय, तरी पेटी घेऊन असं कधी तपासलं नव्हतं.

गाणं दोन्हीकडं डी मेजरमध्येच आहे, म्हणजे तुमच्या पांढरी दोनचंच. फरक मूळ सुराचा. आज वाद्यं लावताना ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हँडेलच्या काळात असं एक ठरलेलं माप नव्हतं, गावागणिक सूर वेगळा. हँडेलचा म्हणून एक ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर धरायचा चिमटा, जपून ठेवलेला आहे, तो ४२२.५ चा आहे. हॉगवूडसारखे लोक जुन्या पद्धतीची वाद्यं वापरतात, म्हणजे व्हायोलिनला आतड्याच्या तारा, ट्रम्पेटला दाबायच्या कळा नाहीत. ही मंडळी बहुतेक वेळा ४१५ वर लावतात. ४१५ च का, तर तो ४४० च्या बरोबर अर्धा सूर खाली येतो. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तारवाद्य, तसल्या बऱ्याच वाद्यांचा कीबोर्ड एक घर सरकवला की काम होतं. तुमच्या स्केलचेंजर पेटीसारखंच की ओ!

आणखी एक ऐका. हॉगवूडच्या समूहात सगळ्यात वरचा आवाज बायकांचा नाही, लहान मुलग्यांचा आहे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचा क्वायर तो. म्हणून आवाज सरळ येतो, कंप जवळजवळ नाहीच. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमात, हँडेल मदतीसाठी ‘मेसाया’ करायचा. तिथल्या १७५४ च्या प्रयोगावरून हॉगवूडनं हे बसवलंय.

निपाणीकर (सध्या पुणे)

हॉगवूड मलाही आवडतो, पण बीचमला कुणी चूक म्हणू नये. झांजा हँडेलच्या नाहीत हे खरं. त्याच्या ‘हालेलुया’त तारवाद्यांच्या जोडीला ट्रम्पेट आणि टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखं वाद्य, एवढंच आहे. बीचमच्या रेकॉर्डिंगसाठी यूजीन गूसेन्सनं नव्यानं वाद्यमेळ लिहिला, त्यातून झांजा आल्या. अभ्यासक नाकं मुरडतात. पण बीचमला त्या गाण्याचा आनंद किती झालाय ते दर ओळीत कळतं, आणि मला तेच हवं असतं. सतराव्या वर्षी मी हे पहिल्यांदा ऐकलं, त्या रात्री झोप लागली नाही.

नातीसाठी मात्र तिसरंच सांगतो. कॉलिन डेव्हिस, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, १९६६. वाद्यं आजचीच, त्यामुळं पट्टी तुमची पांढरी दोन आणि शाळेच्या पियानोशी जुळणारी. पण समूह लहान ठेवलाय, चारही आवाज सुटे ऐकू येतात. बीचमच्यात ऑल्टो शोधायची म्हणजे जत्रेत माणूस शोधायचं.

आणि चाल तिच्याकडं नाही हे तिला कुणी सांगितलं? ‘अँड ही शाल रेन’ हे शब्द येतात तिथं कान लावा. आधी बेस सुरू करतात, मग टेनर म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, तिसऱ्या खेपेला ऑल्टो, शेवटी सोप्रानो म्हणजे सगळ्यात वरचा आवाज. मुख्य चाल हातोहात फिरते. आपल्याकडं बुवांनी ओळ म्हटली की टाळकरी ती उचलतात, पण तोवर बुवा थांबलेले असतात. इथं आधीचे थांबतच नाहीत, त्यांचं दुसरं काहीतरी चालू राहतं. तिची घोकायची ओळ अर्धवट वाटते ती म्हणून.

पेटीवाली (खानापूर)

दोघांचेही आभार. काल रविवारी डेव्हिसचं लावलं. शेजारच्या पोरानं छोटा स्पीकर आणून दिला, मोबाईलवर खालचे आवाज नीट येतच नव्हते.

निपाणीकर म्हणाले ती जागा आधी मी एकटीनं पाच-सहा वेळा ऐकली. बेस आले ते लगेच कळले. टेनर सापडायला वेळ लागला. ऑल्टो कुठून शिरतात ते पेटीवर बोट ठेवून शोधलं, आणि सापडल्यावर मी एकटीच मोठ्यानं “हे बघ!” म्हणाले. मग नातीला बसवलं. बेसची ओळ मी पेटीवर धरली, टेनर स्पीकरवर. तिची वेळ आली तशी हात वर करून मला थांबवलंन आणि “आता मी” म्हणून उचलली. पहिल्या खेपेला उशीर झाला. चौथ्या खेपेला बरोबर शिरली.

शेवटी सगळे एकदम गप्प होतात, तिथं मात्र फसतो आम्ही. ती गडबडीत आधीच म्हणून टाकते. किती वेळ थांबायचं असतं?

कॅम्पातला बेस

ती जागा मोजून येत नाही, ताई. समोरच्याच्या हाताकडं बघायचं. आमच्यात दरवर्षी एकजण तरी त्या शांततेत ओरडतो. तिला सांगा, ओठ मिटायचे, श्वास घ्यायचा आणि बाईंचा हात खाली येईपर्यंत सोडायचा नाही. त्यानंतरचं शेवटचं ‘हालेलुया’ संथ आहे, घाई करू नको म्हणावं.