मदत हवी आहे: ओव्यांच्या कॅसेटसाठी आतलं साउंड कार्ड घेऊ की बाहेरचं?

नमस्कार मंडळी,

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या तीन कॅसेट आहेत, मामाने १९८७ मध्ये गावी टेप केलेल्या. आजी आता नाही. या कॅसेट यंदा कॉम्प्युटरवर घ्यायच्याच आहेत.

कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर देणारं सॉकेट) मदरबोर्डच्या निळ्या लाइन इनला वायर जोडलीय. रेकॉर्डिंगमध्ये सतत घुंऽऽ येतं, शिवाय माउस हलवला की बारीक किर्र. दोन ओव्यांच्या मध्ये आजी श्वास घेते, तिथे तर जास्तच टोचतं. डेकलाच हेडफोन लावला तर यातलं काही नाही, म्हणजे कॅसेट चांगल्या आहेत.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्‌झचा नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) लावून पाहिला. घुंकार कमी झाला, पण जात्याची घरघरही पोकळ झाली. जातं वगळून नुसती ओवी मला नको, म्हणून आवाज मुळातच स्वच्छ घ्यायचाय.

बजेट पाच हजार. एक दुकानदार म्हणतो डॅक घ्या. पण डॅक आवाज बाहेर काढतो, मला आत घ्यायचाय. दुसऱ्याने कॅबिनेटच्या आत बसणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड सुचवलं. ते बसणार ग्राफिक्स कार्डशेजारी, त्याच पॉवर सप्लायवर. मग किर्र जाईल का? आणि यूएसबीवरचं घेतलं तर घुंकारही जाईल?

प्रतिसाद १:
दोन्ही दुखणी वेगळी आहेत. किर्र कॅबिनेटमधली, बाहेरच्या कार्डाने बहुतेक जाईल. घुंकार मात्र बऱ्याचदा ग्राउंड लूपचा (जोडलेली दोन यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचल्याने होणारा) असतो, आणि यूएसबी कार्डही कॉम्प्युटरच्याच अर्थिंगला जोडलेलं असतं. खर्चाआधी डेकची वायर काढून नुसतं रेकॉर्ड करून बघा. डेक आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरही लावून बघा.

घ्यायचंच तर आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) इनपुटवालं घ्या, बेरिंगर यूसीए२०२ सारखं. आवाज १६ बिट बारकाईनेच नोंदवतं, पण कॅसेटला पुरून उरतं. लॅपटॉपला लावा आणि चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, म्हणजे अर्थिंगचा दुवा तुटेल. स्वस्तातल्या यूएसबी डोंगलला बहुधा मोनो माइक इनपुटच असतं. त्यात लाइन आउट घातलं तर आवाज फाटेल.

धागाकर्ता:
मनापासून आभार. वायर काढली तर घुंकार गेला, किर्र राहिली. एकाच बोर्डावर लावूनही घुंकार आहेच. आतल्या कार्डाचा विचार सोडला. रविवारी भाच्याचा लॅपटॉप आणतोय; चाचणी दुसऱ्याच कॅसेटवर करीन, आजीची फीत एकदाच वाजवायची.